अम्मांच्या शेजारची खुर्ची

ओहायोत वसंत ऋतू म्हणजे चिखल, टॅक्स रिटर्न आणि क्लीव्हलंडची त्यागराज आराधना, म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव. पहिल्या दोन गोष्टी कुणालाच चुकत नाहीत. तिसरी मला चुकत नाही, कारण त्यासाठी सासूबाई, म्हणजे अम्मा, चेन्नईतल्या मैलापूरहून येतात. विमानतळावर मात्र त्या 'नातवंडांसाठी आले' असंच सांगतात.

हा उत्सव १९७८ पासून चालू आहे. तिकडे तंजावरजवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना पौष वद्य पंचमीला असते. पण क्लीव्हलंडच्या पौषात कांजीवरम नेसून बाहेर पडलं तर आपलीच पुण्यतिथी व्हायची, त्यामुळे ईस्टरच्या सुमारास तो ठेवलाय हे शहाणपणाचंच. तरीही एरी सरोवरावरून असा काही वारा येतो की सगळ्या तमिळ मामी पैठणीला लाजवणाऱ्या साड्यांवर फुगीर जॅकेटं आणि खाली स्नीकर्स घालून चालत असतात. आम्हाला दारात सोडून नवरा 'पार्किंग बघून येतो' म्हणतो आणि थेट जेवणाच्या रांगेत दिसतो. जन्माने मैलापूरचा, पण त्याला सगळं माफ. अम्मांच्या शेजारची खुर्ची सुनेची.

डोंबिवलीत गाणं ऐकायचं म्हणजे डोळे मिटून मान हलवायची आणि अधूनमधून 'क्या बात है' म्हणायचं. इथे डोळे मिटले की अम्मांचं कोपर बरगडीत बसतं. इथे श्रोत्यांना काम असतं. आधी ताल धरायचा. आदिताल घ्या: मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप, हात उलटा, थाप, हात उलटा. झाल्या आठ. अम्मांचा हात हे सगळं स्वतःहून करतो, त्या वेळी त्या पर्समधला आलेपाक शोधत असल्या तरी. माझा हात गणपतीच्या आरतीवर पोसलेला. त्याला करंगळी सुटी सापडेपर्यंत बाकीची रांग उलट्या हातावर पोचलेली असते. त्यात काही कृती, म्हणजे रचना, समेवर सुरूच होत नाहीत. सम होऊन जाते, गायिका अर्धी मात्रा तशीच सोडून देते आणि मग हळूच आत शिरते. मी तोवर हात वर धरून बसलेली. मागचे मामा खाकरतात. ते मला उद्देशून असतं.

ताल जमला तरी रागाची परीक्षा असतेच. आलापनेचे पहिले दोन स्वर आले न आले तोच रांगभर कुजबुज सुरू होते. अम्मांकडे लांबट वही आहे. त्यात कृती, राग, ताल असे रकाने आखलेले. गायिकेनं रागाचं नाव सांगायच्या आत रकाना भरला पाहिजे, नाहीतर अम्मांचा दिवस फुकट. सुरुवातीला मला वाटलं, आपणही चार वर्षं शास्त्रीय शिकलोय, काहीतरी ओळखू. पण आमचा मालकंस इथे हिंदोळम् म्हणून वावरतो आणि आमच्या हिंडोलशी त्याचं काही नातं नाही. यांची तोडी सुरू झाली की मला आमची भैरवी ऐकू येते, आणि यांची भैरवी म्हणजे तिसरंच काहीतरी. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासानं 'भूप' म्हणाले. अम्मांनी माझ्याकडे न बघता वहीत 'मोहनम्' लिहिलं. खोडलं नाही, एवढंच समाधान.

मग तनि आवर्तनम्. मृदंगम्, घटम्, खंजिरी यांची बिचाऱ्यांची हक्काची पंधरा-वीस मिनिटं, आणि नेमकी तेव्हाच अर्ध्या सभेला कॉफीची तल्लफ येते. उठणाऱ्यांबद्दल अम्मांचं मत इथे छापण्यासारखं नाही. सबब मला उठता येत नाही. बाथरूमला जायचं असलं तरी नाही.

मध्यंतरी ओळख करून देताना अम्मा म्हणतात, "ही आमच्या सरफोजी महाराजांच्या मुलखातली." मी डोंबिवलीची, ते तंजावरचे मराठा राजे. पण दही-भाताची ताटली हातात असताना भूगोल कोण काढणार? लगेच दुसऱ्या मामी म्हणतात, "तुमच्या राजानं त्यागराजांना दरबारात बोलावलं होतं हं. पण ते नाही गेले." कथा जुनी आहे, आणि ती सांगताना सगळ्या माझ्याकडे अशा बघतात की आमंत्रणाची पत्रिका जणू मीच घेऊन गेले होते. तंजावरात हरिकथा बहरली ती आमच्या मराठी कीर्तनकारांमुळे, हे मी सांगून बघते. तेवढ्यात बेल होते.

माझी खरी पाळी मात्र शेवटी येते. मुख्य राग, रागम्-तानम्-पल्लवी असं सगळं जड होऊन गेल्यावर हलक्याफुलक्या रचना सुरू होतात, आणि हल्ली त्यात एखादा अभंग असतोच. 'विठ्ठल' ऐकू आलं की अख्खी रांग माझ्याकडे वळते, जणू पंढरपूर माझ्या नावावर आहे. मागचे मामा प्रथमच हसून पुढे वाकतात. "तुमच्याकडे हा कुठल्या रागात गातात?"

हे मला येतं. छातीठोकपणे सांगते, "भीमपलास."

"म्हणजे आभेरी," अम्मा वही उघडतात.

"छे, हे कर्नाटक देवगांधारी," मामा म्हणतात.

"धैवत ऐका की जरा!"

"धैवताचंच तर म्हणतोय मी!"

पुढच्या रांगेतल्या दोघी मामी वळून सामील होतात. एक आभेरीच्या बाजूनं, एक विरुद्ध. कुणीतरी फोनवर शोधायला लागतं. तुकोबा तिकडे व्यासपीठावर एकटेच. अभंग कधी संपला कळलंसुद्धा नाही. टाळ्या पडल्या आणि मंगलम्, म्हणजे समारोपाचं गाणं, सुरू झालं. ते सौराष्ट्रम् रागात आहे, यावर मात्र कुणाचाच वाद नव्हता.