गूगल म्हणे सरकार नव्हतं म्हणून जन्मलं!

‘गूगल स्टॅनफर्डमध्ये जन्मलं, कारण तिथे सरकारची लुडबुड नाही. आपल्या विद्यापीठांवरचे नियम काढा, उद्योग आपोआप उभे राहतील.’ हा मजकूर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात तीनदा आला, म्हणून हा खटाटोप.

आधी गूगल. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात होते, त्याला पैसा अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा होता. पेजरँकचं, म्हणजे गूगलच्या शोधामागच्या मूळ पद्धतीचं, पेटंट निघालं स्टॅनफर्डच्या नावावर. सरकारी पैशातल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते ती १९८०च्या बाय-डोल कायद्यामुळे. त्यात अटीही आहेत: शोध सरकारला कळवा, मिळकतीतला वाटा संशोधकाला द्या, शोध वापरायचा परवाना देताना छोट्या कंपन्यांना झुकतं माप द्या. नियमच की हे! परवान्याच्या बदल्यात मिळालेले गूगलचे शेअर विकून स्टॅनफर्डने सुमारे ३३.६ कोटी डॉलर कमावले.

‘नियम आले की उद्योग पळतो’ हे दुसरं पालुपद. त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज बघा. १९७६मध्ये हार्वर्डला जनुकं जोडण्याच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा हवी होती. महापौर आल्फ्रेड वेलुची भडकले, नगर परिषदेने काही महिने अशा प्रयोगांना स्थगिती दिली आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष इंधन-तेलाचे व्यापारी! शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला असणार. पण समितीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि अटी घालून प्रयोगांना हिरवा कंदील दाखवला. १९७७मध्ये शहराने तसा कायदाच केला. मग उद्योग पळाला का? १९८२मध्ये बायोजेन ही जैवतंत्रज्ञान कंपनी तिथेच आली. काय चालेल, काय नाही, हे तिथे लेखी होतं. उद्या मोर्चा येऊन काम बंद पडेल ही धास्ती नव्हती. आज त्याच शहरातला केंडल स्क्वेअर जैवतंत्रज्ञानाची पंढरी आहे.

राहता राहिला आपला देश. इथे मजकुराचं दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. रसायन किती शुद्ध हवं हे संशोधकाला कळतं, सर्वांत स्वस्त निविदेला नाही. तरी सरकारी संस्थांना वर्षानुवर्षं जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरूनच खरेदीची सक्ती होती. २०२४मध्ये तर संशोधन अनुदानावर जीएसटी भरा म्हणून आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांना नोटिसा गेल्या. पुढे जीएसटी परिषदेने ती अनुदानं करमुक्त केली, आणि २०२५मध्ये केंद्राने आपल्या संशोधन संस्थांच्या प्रमुखांना जेमबाहेर खरेदीची मुभा दिली, निविदेविना थेट खरेदीची मर्यादाही १ लाखावरून २ लाख रुपये केली. यातला एकही नियम ‘काढला’ नाही, नव्याने लिहिला.