हेमंतात न बसणारा स्वेटर

गेल्या रविवारी मला हेमंत ऋतूतून बाहेर काढण्यात आलं. कारण, स्वेटर.

आमची सोसायटी साताऱ्यात सदर बझारच्या आसपास आहे. याहून नेमका पत्ता देत नाही, अजून तिथंच राहायचं आहे. सर्वसाधारण सभेत ठराव झाला की प्रत्येक ऋतू सगळ्यांनी मिळून 'अनुभवायचा'. त्याच सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय वेळेअभावी पुढं ढकलला. तेव्हापासून चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हं, पोशाख पिवळा-हिरवा. आषाढात तळण, पोशाख निळा. (तळणाचा आणि निळ्याचा संबंध मी विचारला होता. 'पाऊस' असं उत्तर आलं.) आणि हेमंतात हुरडा, पोशाख पारंपरिक, माणशी 700 रुपये, बस धरून.

आता पौष महिना, पहाटेची वेळ. अशा वेळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारी रोजची सराईत माणसंसुद्धा फक्त डोळे उघडे ठेवून चढत असतात. मी माझा मरून स्वेटर घातला, वर कानटोपी ओढली आणि खाली आलो. बस धोतरांनी, नऊवाऱ्यांनी आणि फेट्यांनी भरलेली. एकाच्याही अंगावर स्वेटर म्हणून नाही. कोरेगाव मागं पडेपर्यंत दातांचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येत होता, तरी प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता, "काय गुलाबी थंडी आहे नाही?" सांगणाऱ्याचे ओठ जांभळे.

शेत पुसेगावच्या अलीकडं. हा भाग मला आवडतो, आणि याच भागाला नटून बघायला यावं याचा रागही येतो. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला 6000 मिलिमीटरच्या घरात पाऊस. आणि इकडं पूर्वेला माण-खटावात 500 च्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. भाद्रपद-आश्विनात पेरलेला शाळू हस्ताचा पाऊस झाला तर झाला, नाहीतर जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर दाणा भरतो. त्या दाण्यात दूध असतं तोवरच हुरडा. चार दिवस इकडं-तिकडं झाले की तो ज्वारी होतो आणि मग त्याच्यासाठी कुणी फेटा बांधत नाही.

बसमधून उतरलो आणि काका भेटले.

काका आमच्याच सोसायटीतले. बँकेतून निवृत्त, कर्ज विभाग. नकार देण्यात हयात गेलेली. धोतर, सदरा, कोल्हापुरी चपला आणि खांद्यावरून काळीभोर घोंगडी. त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत कर्जाचा अर्ज तपासावा तसं बघितलं.

"स्वेटर?"

"हो."

"हुरड्याला स्वेटर?"

"थंडी आहे काका."

"अहो, थंडी आहे म्हणून तर आलोय आपण! ती अंगावर घ्यायची असते. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो. का असतो? बाहेरच्या गारठ्यानं अग्नी आत कोंडतो. अष्टांगहृदयात आहे. तुम्ही स्वेटर घालून गारठाच अडवलात. आता अग्नी कोंडणार कसा? भूक लागणार कशी?"

"मला लागलीय."

"ती खरी भूक नव्हे."

"पण काका, तुम्ही घोंगडी घेतलीय की."

"घोंगडी श्वास घेते."

यावर मी काय बोलणार? घोंगडी श्वास घेत असेल, पण काकांना तेवढ्या थंडीत तो नीट घेता येत नव्हता.

आगटीपाशी एक मावशी बसल्या होत्या. खड्ड्यात शेणी फुललेल्या, त्या निखाऱ्यात कणसं पुरलेली. काका घोंगडी सावरत थेट खड्ड्याच्या काठावर गेले.

"आवं काका, घोंगडं लांब घ्या की इस्तवापासनं. पेटंल."

"खरी घोंगडी पेटत नसते मावशी. लोकर आहे."

मावशींनी एक हात पुसला, घोंगडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. "टोचत न्हाई ह्ये."

"म्हणजे?"

"घोंगडं आंगाव घेतलं की सासूगत टोचाय पायजे. आन चिंचुक्याची खळ लावत्यात त्येला, वास येतोय व्हय कुटं? ह्ये ब्लँकेट हाय."

"हातमागाची आहे!" काकांचा आवाज चढला. "लेबलवर लिहिलंय."

लेबल खरंच होतं, आणि अजून लटकत होतं. त्यावर बारकोड होता, आणि बारकोडाखाली 'फक्त ड्रायक्लीन'. तिथून माणदेश हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी, त्यांच्या लोकरीची घोंगडी वापरणारी माणसं त्याच रस्त्यानं जातात. काकांनी ती मोबाईलवरून मागवली होती.

पण कर्ज विभागात मुरलेला माणूस एका अर्जावर हरत नाही. त्यांनी मोर्चा कणसांकडं वळवला.

"सुरती आहे का गुळभेंडी?"

"शाळू हाय."

"शाळू म्हणजे ज्वारीच हो. हुरड्याची जात कुठली? हुरड्याला गुळभेंडी लागते."

"मालदांडी हाय."

"मालदांडी भाकरीची!"

"मग भाकरी हुईपत्तूर थांबा," मावशी म्हणाल्या आणि निखाऱ्यातलं कणीस काढून तळहातावर चोळलं. फुंकर मारली, कोंडा उडाला, हिरवा वाफाळता दाणा पत्रावळीवर पडला.

काका म्हणाले, "मला शुगर आहे, मी फक्त चिमूटभर." मग त्यांनी ती चिमूट शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घेतली, दह्याबरोबर घेतली, गुळाबरोबर घेतली, शेव घालून घेतली, आणि मालदांडी असूनही "बरा आहे" म्हणाले. माझी पत्रावळ शेजारी होती. चौथी चिमूट तिच्यातून गेली.

मी हात पुढं करणार तेवढ्यात सेक्रेटरींची शिट्टी वाजली. फोटो. सगळे उभे राहिले. भाजलेली कणसं काळी दिसतात म्हणून हातात न भाजलेली, हिरवी कणसं दिली. बायकांना एक ओळ, फेटे मागं, मुलं खाली. मी कडेला, कानटोपी काढून, केस बसवून उभा.

सेक्रेटरी जवळ आले. आवाज एकदम गोड. "एक विनंती होती. तुम्ही फोटो काढाल का? तुमचा हात स्थिर असतो."

"दुसरं कुणी नाही का?"

"नाही, ते स्वेटरचं जरा… डोळ्यात येतंय. थीममध्ये बसत नाही ना."

"मग स्वेटर काढतो."

"आत काय आहे?"

आत टी-शर्ट होता, मुलाच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा. सेक्रेटरींनी मान हलवली. मागून काका म्हणाले, "मी मघाशीच सांगितलं होतं त्यांना."

तर मी फोटो काढले. आधी माझ्या मोबाईलवर, मग सेक्रेटरींच्या, मग ज्यांनी ज्यांनी "माझ्यावर पण एक" म्हटलं त्या सगळ्यांच्या. हाताला मोबाईलची चवड. "सगळे कणीस वर! हसा! काका, लेबल आत घ्या!" थंडीनं कुडकुडणारी माणसं थंडीचा आनंद घेताना दिसावीत म्हणून पुन्हा पुन्हा क्लिक. त्या सबंध शेतात त्या दिवशीच्या हवामानाला साजेसे कपडे घातलेली माणसं दोनच. एक मी. दुसऱ्या मावशी, पातळावर यजमानांचा जुना स्वेटर, डोक्याला घट्ट मफलर. दोघंही फोटोत नाही.

कासलाही असंच झालं होतं. पठारावर जायला आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, हे मला मान्य आहे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्यानंतर गर्दीचे पाय आवरायला काहीतरी हवंच होतं. पण आमची मंडळी फुलांच्या कपड्यांत गेली. फुलांचे शर्ट, फुलांच्या ओढण्या, डोक्याला फुलांचे पट्टे. ते सगळं घालून खरी फुलं दिसेनात, कारण ती बोटाएवढी असतात आणि वाकून बघावी लागतात. एक बाई विचारत होत्या, "फुलं कुठून सुरू होतात?" त्या फुलांतच उभ्या होत्या. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे कळल्यावर सेक्रेटरींनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे पुढची तारीख आत्ता बुक करता येईल का?"

पूर्वी आमच्याकडं ऋतू कुणी साजरा केल्याचं आठवत नाही. तो यायचा आणि कामाला लावायचा. चंपाषष्ठी झाली की वांग्याचं भरीत, चातुर्मासभर थांबलेल्या कांद्यासकट. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ती सगळ्या भाज्यांची मिसळलेली भाजी, जिच्यात गाजर, हरभरा आणि वांगं यांचं एकमेकांशी कधीच पटत नाही आणि तरी ती संपते. ट्रंकेतून स्वेटर निघाला की डांबरगोळ्यांचा वास अख्ख्या वर्गाला यायचा. कुणी कुणाला फ्रेमबाहेर काढायचं नाही. फ्रेमच नव्हती, हे एक.

असो. मोबाईल ज्याचे त्याला देऊन मी आगटीपाशी आलो तर माझ्या पत्रावळीवर शेव उरली होती. हुरडा जो होता तो गार. गार हुरडा चिवट लागतो, दाताखाली नुसता फिरत राहतो. मावशींनी एक शेवटचं कणीस निखाऱ्यातून उकरून मला चोळून दिलं. खाता खाता मी सहज विचारलं, "मावशी, हे माणशी 700 घेतात, तुमचं बरं सुटत असेल की."

"आमचं कशाचं? रान मालकाचं. मालक पुण्यात. मी रोजानं हाय."

रोज किती, तेही त्यांनी सांगितलं. तो आकडा 700 पेक्षा बराच कमी होता. एवढ्यात पलीकडं आरोळी झाली, मिसळ आली म्हणून. सगळे फेटे तिकडं पळाले. काकांची घोंगडी सगळ्यात पुढं.

काल सोसायटीच्या ग्रुपवर हिशेब आला. बस, हुरडा, मिसळ, आणि सगळ्यात खाली 'फेटे बांधणावळ, माणशी 150, समान वाटणी'. मी लिहिलं की मी फेटा बांधलेला नाही. सेक्रेटरींनी लिहिलं, वाटणी समान असते. मी लिहिलं, मी फोटोतसुद्धा नाही, पुरावा म्हणून फोटोच बघा. काकांनी सेक्रेटरींच्या मेसेजला अंगठा दिला. पाठोपाठ संक्रांतीची सूचना आली: पोशाख काळा, काळा रंग उष्णता धरून ठेवतो म्हणून. म्हणजे ऊब चालते, फक्त मरून नको.

रात्री सेक्रेटरींचा इंटरकॉम वाजला.

"अहो, दीडशे रुपयांसाठी एवढं?"

"मग तुम्ही भरा," मी म्हटलं आणि ठेवून दिला.