आधी बोलू द्या, टायपिंग नंतर

ज्येष्ठांनी टॅबलेटवर आधी टायपिंग शिकावं, बोलून काम करून घेणं नंतर, असं एका लेखात वाचलं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या आईची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत, पण आवाज खणखणीत आहे. गूगलने २०१७ मध्येच मराठीत बोलून लिहायची सोय दिली. कीबोर्डला मराठी भाषा जोडायची, माईकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं. आता ती कराडच्या मावशीला लांबलचक निरोप पाठवते, शेताचं, हळदीचं, नातवंडांचं सगळं. (जोडाक्षरं टाइप करायला लावली असती, तर टॅबलेट कपाटातच राहिला असता.)

एक मात्र शिकवायलाच हवं. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर सारखं एकच विचारतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती? इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथे पोरांनाही पाठ. टॅबलेटमधल्या, बोलून विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या सहायकाला हे विचारलंत तर बातमीची तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका; २०१९ च्या महापुराच्या बातम्या आजही शोधात सापडतात. आणि ऐन पुरात नेट गेलं की हा सहायक बहुतेक प्रश्नांना गप्पच राहतो, म्हणून तलाठ्याचा आणि शेजाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.