स्वस्त कर्ज ठीक, पण आधी आमची बिलं द्या

लघुउद्योग वाढायचे तर कर्ज स्वस्त आणि सोपं हवं, असा तुमच्या अंकातल्या लघुउद्योगांच्या कर्जावरील लेखाचा सूर आहे. पुण्याजवळच्या भोसरीत जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं ऑर्डरीवर करून देणारा माणूस म्हणून सांगतो, आमच्यातले निम्मे लोक कर्ज काढतात ते वाढीसाठी नव्हे, अडकलेल्या बिलांपायी. माल गेला, बिल झालं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचाच, पार्टीचे पैसे आले असोत वा नसोत. पगार, वीजबिल वेगळंच. म्हणजे मोठ्या कंपनीला आम्हीच बिनव्याजी उधारी देतो आणि त्यासाठी सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, व्याज भरतो!

कायदा आहे की. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात, बिल चुकवायला जास्तीत जास्त 45 दिवस, लेखी करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ते मागणार कोण? थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज केला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते.

त्यापेक्षा 2023 च्या अर्थसंकल्पातली आयकर कायद्यातली 43बी(एच)ची तरतूद बरी. पैसे वेळेत दिले नाहीत आणि 31 मार्चपर्यंतही थकले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की खरेदी विभागाचे फोन आपणहून येतात. मात्र ती फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू. मध्यम उद्योग आणि व्यापारी बाहेरच. शिवाय एप्रिल ते डिसेंबर काय करायचं, यावर लेखकाने लिहावं.