खांद्यातल्या 'स्क्रू'मुळे एमआरआय बंद? खुलासा

'खांद्याचा फाटलेला स्नायू शिवताना हाडात लोखंडी स्क्रू बसवतात. मग जन्मभर एमआरआय करता येत नाही आणि वर्षभरात तो काढावाच लागतो,' असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ज्याला स्क्रू म्हटलंय तो 'सूचर अँकर'. साधारण पाच मिलिमीटर जाडीचा, बाहेरून आटे, आत दोरा ओवायला छोटं भोक. तो हाडात रुततो आणि त्याच्या दोऱ्यांनी स्नायूबंध (स्नायूचं हाडाला जोडणारं टोक) हाडावर घट्ट दाबून ठेवतो. हे काम त्याला मुख्यतः पहिले काही महिने करायचं असतं. पुढे स्नायूबंध स्वतःच हाडाला जुळतो. म्हणूनच काही अँकर हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचे, काही तर नुसत्या दोऱ्याचेच घडवलेले असतात. बाकीचे बहुतेक टायटॅनियमचे किंवा पीक नावाच्या प्लास्टिकचे. टायटॅनियमला चुंबक लोखंडासारखं ओढत नाही. फक्त त्याच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं. तरीही एमआरआयआधी डिस्चार्ज कार्ड दाखवाच.

अँकर सहसा काढत नाहीत. सैल होऊन सांध्यात डोकावला तर मात्र काढावा लागतो, कारण तो कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) घासतो. शस्त्रक्रियेनंतर दुखणं पुन्हा वाढलं, तर कृपया मेसेजवर विसंबू नका, सर्जनना दाखवा.