पाठीच्या ब्रेसबद्दल फिरणारा मेसेज : खुलासा

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'दप्तराच्या ओझ्यानं मुलांना स्कोलिओसिस होतो. साधा पाठीचा पट्टा लावा, तीन महिन्यांत कणा सरळ. डॉक्टरांचा ब्रेस नको.' कृपया पुढे पाठवू नका. यापायी उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वाकतो आणि पिळतोही. वयात येणाऱ्या मुलामुलींत त्याचं नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. दप्तर हे कारण नव्हे. दुकानातला पट्टा खांदे मागे ओढतो, एवढंच. ब्रेस म्हणजे मुलाच्या मापाचा प्लास्टिकचा कडक साचा, आतल्या गाद्या नेमक्या जागी दाबणारा. तोही कणा कायमचा सरळ करत नाही. उंची वाढत असताना वाक वाढू नये, ऑपरेशन टळावं, यासाठी तो असतो. साधारण २५ ते ४० अंशांच्या वाकाला.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली ४८ टक्के. रोज सुमारे १३ तासांहून जास्त वापरणाऱ्यांत हे प्रमाण नव्वदीपार होतं.

एप्रिल-मेच्या उकाड्यात हे सोपं नाही, पोरं रडकुंडीला येतात. आत बिनशिवणीचा सुती बनियन घाला, घामेजला की बदला.

मुलाला कमरेतून पुढं वाकवा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर सीपीआर रुग्णालयातल्या किंवा आपल्या नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.