फ्लॅश घरी ठेवू नका, भिंतीकडे वळवा

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: ‘फ्लॅशने चेहरे पांढरेफटक पडतात, मागे काळोख येतो, रंग बिघडतात. कॅमेरे आता चांगले आहेत. आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ आणणारं कॅमेऱ्याचं सेटिंग) वाढवा आणि फ्लॅश घरी ठेवा.’ धंद्यात नवीन आलेली मुलं तो पाळतात आणि विधींचे फोटो हातचे जातात. मला ते बघवत नाही.

चेहरे पांढरेफटक पडतात ते फ्लॅश थेट तोंडावर मारल्याने. फ्लॅशगनचं तोंड जेमतेम ६-७ सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा जागेतून आलेला उजेड कडक सावली पाडणारच. तेच तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. आता भिंतीवरचा चार-पाच फुटांचा उजळलेला भाग हाच दिवा होतो आणि सावलीच्या कडा विरतात. अंतरपाट पांढरा असेल तर तोही चालतो: नवरीच्या बाजूने त्यावर फ्लॅश मारला की उजेड परतून तिच्या चेहऱ्यावर येतो. बरोबर डोक्यावरच्या छतावर मात्र मारू नका, डोळे खोबणीत गेल्यासारखे दिसतात.

मागचा काळोख शटर फार कमी वेळ उघडं राहिल्यामुळे येतो. १/२०० सेकंदाऐवजी १/६० ठेवा, आयएसओ १६०० करा. हॉलची रोषणाई फोटोत येते.

आयएसओने उजेड वाढल्यासारखा दिसतो, त्याची दिशा बदलत नाही. कार्यालयातले दिवे वरून येतात, फेट्याची सावली नवरदेवाच्या डोळ्यांवर पडते. आयएसओ ६४०० केला तरी ती तिथेच राहते, वर नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, वाढतो.

रंगांची तक्रार निम्मी खरी आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, पिवळ्या दिव्यांचा ३०००च्या आसपास. एकत्र आले की चेहरा निळसर आणि मागचं सगळं नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) पिवळ्या दिव्यांचा ठेवला की दोन्ही जुळतात. भिंतीचा रंगही बघा. सुरुवातीच्या काळात मी एका हळदीला पोपटी भिंतीवर फ्लॅश मारला होता. नवरी सगळ्या फोटोंत आजारी दिसली. ते फोटो तिला देताना फार वाईट वाटलं.

उघड्या लॉनवर बाउन्स करायला, म्हणजे उजेड आपटून परतवायला, काहीच नसतं. फ्लॅशवर प्लास्टिकची टोपी चढवूनही दिवा तेवढाच लहान राहतो, उजेड मात्र चहूकडे वाया जातो. तिथे पांढरी छत्री धरायला एक मदतनीस न्या.